फोन संग्रहालयात, माणूस विहिरीत

तुम्ही दोघांनी पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तिकडच्या त्या भल्यामोठ्या संग्रहालयात डायनासोरच्या सांगाड्यासमोर तुम्ही फोन धरलात आणि पडद्यावर त्या हाडांवर मांस चढलं, कातडी आली, त्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. धाकटी आधी किंचाळली आणि मग हसत सुटली. शेवटी थोरल्याने विचारलं, "आजी, तुझ्या म्युझियममध्ये आहे का असं काही?" मी तेव्हा फोनवर तुमच्या परीक्षेचा विषय काढला. उत्तर टाळलं हे तुमच्या लक्षात आलं असणार.

आमच्याकडेही फोन आहे. पण त्या फोनपायी एक दुपार अशी गेली, की तेव्हापासून कोणाच्या हातात फोन दिसला की मी आधी त्याचा अंगठा बघते. तुमच्या व्हिडिओतही डायनासोरपेक्षा तुमच्या अंगठ्यांकडेच माझं लक्ष होतं. असं का, ते क्रमाने लिहिते. कुठे शब्द अडला तर बाबाला विचारा.

नाशिकमधलं आमचं संग्रहालय लहानसं. मागच्या सुट्टीत आला होतात तेव्हा मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत तुमचं बघून झालं होतं. जुनी नाणी, दिवे, अडकित्ते, वजनं-मापं, तांब्यापितळेची भांडी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे जाते आणि शाळेच्या मुलांना माहिती सांगते. मुलं पाट्या वाचत नाहीत, हे आमचं जुनं दुखणं. म्हणून ठरवलं की माहिती त्यांना फोनवर ऐकवायची. शहरातल्या मुलांकडे पडद्याचे फोन असतात, पण मळ्यांमधल्या मुलांच्या हाती घरून मिळतो तो बहुतेक वेळा बटणांचा. तेव्हा त्यालाही चालेल अशी सोपी रीत काढली. संग्रहालयाचा नंबर लावायचा, आवाज "नमस्कार" म्हणतो, मग समोरच्या कपाटावर जो आकडा असेल ते बटण दाबायचं. एक दाबलं की नाण्यांची गोष्ट, दोन दाबलं की दिव्यांची, तीन दाबलं की अडकित्त्यांची.

आवाज माझाच आहे. मी मुलांच्या शेजारी उभी असायची आणि मुलं फोनमधलं माझं बोलणं कान देऊन ऐकायची. मी मध्ये काही सांगायला गेले तर एखादा मलाच म्हणायचा, "आजी, तुम्ही जरा गप बसा ना, ऐकू येत नाय."

त्या दिवशी मखमलाबादच्या पलीकडच्या एका शाळेचा सातवीचा वर्ग आला होता. त्यांच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, चार-चार मुलांत एक फोन पाहिजे, घरून मागून आणा. एका गटाचा फोन एका उंच, सडपातळ मुलीकडे होता. घट्ट दोन वेण्या, वेणीत घरच्या मळ्यातली शेवंती. फोन जुना, मागचं झाकण निघू नये म्हणून त्याला रबर लावलेलं. ती तो दोन्ही हातांनी धरून चालत होती. घरातला तेवढाच एक फोन होता, हे मला नंतर कळलं.

दिव्यांची खोली आतल्या बाजूला आहे. भिंती जाड, तिथे रेंज येते-जाते. मी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या गटाबरोबर होते. तिच्या गटाचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"अगं दाब ना जोरात!"

"दाबते ना. बोलतच नाय."

"आजी झोपली वाटतं त्याच्यातली."

"आण इकडं. दोनच दाबायचं ना? मी दाबते."

मग हसणं. मग एकदम काहीच नाही. मुलांच्या गटात शांतता पसरली, की शिक्षकाला ती गोंधळापेक्षा लवकर ऐकू येते. मी तिकडे गेले.

ती मुलगी फोनकडे बघत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एकच शब्द होता : मोटर.

"अगं, दुसराच कोणाचा तरी नंबर लागला असेल," मी म्हटलं. "काट तो आणि आपला लाव."

"आजी," ती म्हणाली, "पप्पा हिरीत उतरलेत."

मला काहीच कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसेल, म्हणून इथे थांबून समजावते. इकडे विहिरीतलं पाणी विजेच्या मोटरीने उपसतात. मोटर पाण्यातच सोडलेली असते आणि तिची वायर वर खांबावरच्या पेटीपर्यंत येते. मळा घरापासून लांब असतो, वीज कधी दिवसा येते कधी रात्री, म्हणून हल्ली त्या पेटीत फोनचं एक सिमकार्ड बसवतात. घरी बसून त्या नंबरला फोन लावायचा. पेटी तो स्वतःच कापते आणि मोटर चालू करते. पुन्हा फोन लावला की बंद करते. म्हणजे एक रिंग चालूची, पुढची बंदची, त्यापुढची परत चालूची. तिच्या वडिलांनी हा नंबर दोनच्या बटणावर ठेवला होता. रात्री अंधारात चष्मा शोधावा लागू नये म्हणून. दोन दाबून धरलं की मोटरीला फोन लागायचा.

आता काय झालं असेल ते तुमच्या लक्षात येईल. तिने संग्रहालयाचा नंबर लावला, रेंज गेली, फोन कटला. तिला ते समजलं नाही. आमच्या पाटीवर लिहिलं होतं, दिव्यांसाठी दोन दाबा. ती दोन दाबत राहिली. आवाज येईना म्हणून दाबून धरत राहिली. शेजारणीनेही दाबलं.

आणि नेमकं त्याच दिवशी तिचे वडील विहिरीत उतरले होते. मोटरीच्या वायरचा पाण्याखालचा जोड सुटला होता, तो ते बांधणार होते. सकाळी तिने फोन मागितला तेव्हा ते म्हणाले होते, "घेऊन जा. मी तर हिरीत असणार, मला कशाला लागतो?"

तिने हे सगळं मला तुटक तुटक सांगितलं. सांगतानाच तिचा अंगठा दोनच्या बटणाकडे गेला. "बंद करते," ती पुटपुटली. मी तिचं मनगट पकडलं. एवढ्या जोरात मी आजवर कुठल्याही मुलाचा हात धरला नव्हता.

"थांब. आधी सांग, किती वेळा दाबलं गेलं?"

"म्हायती नाय."

"लय वेळा," शेजारीण म्हणाली आणि रडायला लागली. "मी पण दाबलं आजी. मला काय ठावूक."

फोनच्या यादीत 'मोटर' हे नाव एकदाच दिसत होतं. त्या जुन्या फोनमध्ये एक नंबर कितीही वेळा लावला तरी तो एकदाच दिसतो. आता शेवटची रिंग चालूची होती की बंदची, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. चालूची असेल तर आणखी एक रिंग त्या माणसाला वाचवेल. बंदची असेल तर तीच रिंग त्याला मारेल. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की शांतपणे विचार केला की उत्तर सापडतं. मी शांतपणे विचार केला. सापडलं नाही.

"ते मोटरीची वीज तोडून उतरतात ना?" मी विचारलं.

"ग्रिपा काढतात कधी कधी. लाइट नसल्यावर नाय काढत." पेटीतल्या फ्यूजच्या चिनी मातीच्या ग्रिपा, त्या ओढून काढल्या की वीज पुढे जात नाही. मग ती एकदम म्हणाली, "पण लाइट नसंल अजून! आमच्याकडं ह्या आठवड्यात दुपारची लाइट हाय. बारानंतर येते."

माझ्या जिवात जीव आला. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला आले होते.

"पण लाइट नसताना रिंग दिली तर?"

"पेटीत बॅटरी असते," ती म्हणाली. "ती ध्यानात ठेवते. शेवटची रिंग चालूची असली, की लाइट आल्याबरोबर मोटर चालू."

म्हणजे वीज यायच्या आत कोणीतरी त्या विहिरीपाशी पोचायला हवं होतं. मळ्यात तिचे आईवडील दोघंच, आणि घरचा फोन तर आमच्याकडे होता. शेजारच्या मळ्यातल्या नानांचा नंबर त्यात होता. तिच्या हातात बटण दाबायची ताकद नव्हती आणि माझ्यात धाडस नव्हतं. शेवटी बाईंनी आपल्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या हाती दिला. बाहेर ओसरीत उभ्या राहून आम्ही ऐकत होतो.

"नाना, मी बोलते. तुम्ही कुठं हाय?"

"पिंपळगावला, बाय. टमाटे घेऊन आलोय, लिलाव चाललाय. हा कोणाचा नंबर?"

"नाना, मळ्यात जा. पप्पांना हिरीतून वर काढा."

"अगं मी पिंपळगावला हाय म्हटलं ना. काय झालं? पडला का काय तो?"

"मोटरीला रिंग गेली माझ्याकडून!"

मागे लिलावाचा ओरडा चालू होता. नाना त्यातून बाजूला सरकले असावेत, ओरडा लांब गेला. मग म्हणाले, "घरी फोन लावून बघतो. बाया पलीकडं निंदायला गेल्यात, फोन घरी असंल तर... ठेव, ठेव तू."

बाईंना बाकीची मुलं सोडून येता येईना. "मॅडम, तुमची गाडी आहे ना? तुम्ही जा हिला घेऊन. मी शाळेत कळवते," असं त्या म्हणाल्या. त्यांचा फोन त्यांनी आम्हाला दिला, नानांचा फोन आला तर म्हणून. तिचा फोन तिच्याकडेच होता.

माझ्या ड्रायव्हिंगवर तुम्ही किती हसता ते मला माहीत आहे. "आजीला सायकलवाले मागे टाकतात" हे वाक्य तुमच्या बाबाचं. त्याच्याकडून तुम्ही उचललंत. त्या दिवशी मी कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की शेजारच्या सीटवर ती मुलगी फोन तळहातावर उताणा धरून बसली होती, बोटं अगदी सरळ ताणलेली, विंचू हातावर ठेवल्यासारखी. खड्डा आला की दुसरा हात ती लांब न्यायची. मी म्हटलं, "खाली ठेव बाळा." तर म्हणाली, "खाली ठेवला न् कशानं दाबला गेला तर?"

"मग बंद करून टाकू."

"बंद करताना दाबला गेला तर?"

मला ते पटलं. तुम्हाला हसू येईल. मला ते तेव्हा पूर्ण पटलं.

रस्त्यात एक भाजीचा टेम्पो आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी वाद घालत होता. मी हॉर्न वाजवला. तो वळून म्हणाला, "ओ आजी, घरी दूध उतू चाललंय का?" मी काच खाली करून ओरडले, "माणूस विहिरीत आहे!" तो बिचारा काही न विचारता धावत जाऊन टेम्पोत बसला आणि त्याने टेम्पो बाजूला घेतला. मी गिअर टाकला आणि तेवढ्यात तिच्या तळहातावर फोन वाजायला लागला.

आम्ही दोघी दचकलो. फोन तिच्या हातातून सुटून तिच्या मांडीवर पडला. मी खाली पाहिलं. पडद्यावर नाव होतं : मोटर.

"उचलू नका!" ती ओरडली.

"पण हा का वाजतोय? मोटर कशी फोन करेल?"

फोन दोनदा वाजून आपोआप थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "लाइट आली. लाइट आली की पेटी रिंग देते."

मी गाडी तशीच पुढे काढली. आता बारा वाजले का, पोचायला किती वेळ, हे प्रश्नच संपले होते. जे व्हायचं ते आत्ता, या क्षणी, होत होतं किंवा होऊन गेलं होतं, आणि आम्ही दोघी दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांमधून गाडीत बसून तिकडे चाललो होतो. मी देवाचं नाव घेतलं का, तेही मला आठवत नाही. मला फक्त असं वाटत होतं की रस्ता संपू नये. पोचलोच नाही तर कळणार नाही, आणि कळलं नाही तोवर तिचे वडील आहेत. हा विचार किती भयंकर आहे ते मला तेव्हाही समजत होतं, आणि तरी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून नकळत सैल होत होता. मुलगी म्हणाली, "आजी, हाणा ना." तेव्हा कुठे मी भानावर आले.

मळ्याच्या तोंडाशी गाडी सोडून आम्ही बांधावरून पळालो. पळाली ती, मी जमेल तशी मागून. शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे विहीर होती. तिथे काहीच हालचाल दिसत नव्हती. मोटरीचा आवाज येतो का म्हणून मी कान देत होते, पण माझ्या स्वतःच्या धापेशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं. मग पेटीच्या खांबाशी एक बाई पाठमोरी बसलेली दिसली. तिचा पदर मातीत पडला होता. ती आमच्याकडे वळेना. मुलगी लांबूनच ओरडली, "मम्मी!"

ती बाई वळली आणि तिने विहिरीच्या पायऱ्यांकडे हात केला.

सर्वांत वरच्या पायरीवर एक माणूस बसला होता. नखशिखांत ओला, गुडघ्यांभोवती हात घातलेला. भर उन्हात त्याचे दात वाजत होते. पण बसला होता. मान वर करून त्याने आमच्याकडे पाहिलं.

मी तिथेच बांधावर खाली बसले.

काय घडलं ते मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. वीज आली तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात होते. जोडावर टेप गुंडाळून होत आली होती. ग्रिपा काढलेल्या नव्हत्या. लाइट नाही मग कशाला, असं म्हणून ते उतरले होते. एकाएकी पाण्यात मोटर गुरगुरली, हातातला पाइप उसळला आणि पाय बधिर झाले. वर कुणीतरी एक माणूस ठेवायची त्यांच्याकडे पद्धत आहे. मुलीची आई काठाशी बसून फुलं निवडत होती. तिने पाइप हललेला पाहिला आणि ती पेटीकडे झेपावली. दार उघडंच होतं. तिने ग्रिपा तशाच हाताने ओढून काढल्या. ठिणगी उडाली आणि तिची बोटं भाजली. त्या ग्रिपा अजून तिच्या मुठीत होत्या. आम्ही आलो तरी तिने मूठ उघडली नव्हती.

"पेटीच बिघडली," वडील म्हणत होते. ते हसायचा प्रयत्न करत होते. "आपोआप चालू झाली. उद्या मिस्त्रीला बोलावतो न् बदलून घेतो. तू का गं आलीस? संपलं का म्युझियम? आन् ह्या कोण?"

मला वाटलं, मी सांगावं. मोठ्या माणसाने सांगितलेलं बरं. मी तोंड उघडलं, पण मुलगी माझ्या आधी बोलली.

"पेटी नाय बिघडली पप्पा. मी दाबलं."

तिने सगळं सांगितलं. रेंज गेली ते, पाटीवरचा दोन आकडा, मैत्रिणीने दाबलं ते मात्र तिने गाळलं. तिची आई उठली. भाजलेल्या हाताची मूठ तशीच धरून तिने दुसरा हात उगारला, आणि तो मुलीवर पडला नाही. ती माझ्याकडे वळली.

"फोन मागवला शाळंनं! कशाला? जुने दिवे बघायला फोन लागतो का? डोळे नाय का लेकरांना? इथं माणूस गेला असता माझा, दिव्यापायी!"

ती म्हणत होती त्यातला एकही शब्द मला खोडता येत नव्हता. मी तिच्या हाताला लावायला माझ्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. मग वडीलच उठले, तिच्याजवळ गेले आणि तिची भाजलेली मूठ त्यांनी स्वतः धरून माझ्या बाटलीखाली नेली. मूठ तशीच बंद होती.

"मॅडमना बोलू नको," ते म्हणाले. "ग्रिपा मी नाय काढल्या. पोरगी काय, मांजर चाललं असतं फोनवरून तरी मी गेलोच असतो."

"शुभ बोला जरा," ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नाना होते. मी उचलला तर पलीकडून आवाज आला, "बाय, सांग काय ते लवकर, माझा लिलाव गेला खड्ड्यात." मी म्हटलं, "आहेत हो, बरे आहेत." नाना फोनवर हमसून रडले. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मला वाटलं आता सगळं झालं, मी निघावं, मुलीला शाळेत सोडावं. पण वडील शेवंतीकडे बघत होते. वाफे वाळले होते. वीज मोजकेच तास असते आणि जोड बसला होता.

"पाणी सोडायला पाहिजे," ते म्हणाले.

"पेटीवरच्या बटणानं चालू करा," आई म्हणाली. "त्या फोनला आता हात लावायचा नाय कोणी."

"नाय. ती लावंल."

मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी मध्ये पडले. "आज राहू द्या. घाबरली आहे ती. मीही घाबरले आहे."

"मॅडम," ते म्हणाले, "उद्या पहाटं मी फुलं घेऊन मार्केटला जाणार, संध्याकाळीच येणार. मोटर कोण बंद करणार? हीच करते रोज. आज नाय लावला हिनं, तर परत कधीच नाय लावणार."

आईने बराच वेळ मूठ उघडली नाही. वडील तिच्यासमोर नुसते उभे राहिले. शेवटी तीच उठली, पेटीवरचं बंदचं बटण दाबलं आणि तिने स्वतः ग्रिपा पेटीत बसवल्या, एकेक करून, प्रत्येक बसवताना मागे वळून नवऱ्याकडे बघत. तो तिथेच आहे ना, हे बघत. मग आम्ही सगळे विहिरीपासून लांब, शेवंतीच्या कडेला आलो. मुलगी फोन घेऊन उभी राहिली. अंगठा बटणावर नेला. परत घेतला.

मग ती एकटीच विहिरीकडे चालत गेली. काठावर ओणवी झाली आणि आत बघून ओरडली, "कोणी हाय का?"

विहिरीतून तिचाच आवाज परत आला.

वडील तिच्या मागे, ओल्या कपड्यांत, पाणी निथळत उभे होते. आई होती. मी होते. मळ्यात दुसरं माणूसच नव्हतं. तरी तिने पुन्हा विचारलं, "हिरीत कोणी हाय का?" आणि उत्तर येतंय का ते ऐकत थांबली. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज चिरकला. कोणीही तिला "पुरे" म्हटलं नाही. मलाही वाटत होतं, अजून एकदा विचार.

मग तिने बटण दाबून धरलं.

पाइपातून पाणी पहिल्यांदा फुरफुरत, मग धो धो वाफ्यात पडायला लागलं. आम्ही कोणी पाण्याकडे पाहिलं नाही. तिने वळून वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग परत विहिरीकडे.